गाडी विकतोय, समोरचा म्हणतो "पैसे अकाउंटवर टाकतो". खाते नंबर द्यावा का?

बेसारोडवाला · शुक्रवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बाबांची २०१४ ची वॅगनार विकायला काढली आहे. एमएच-३१, पेट्रोल, ५८ हजार किलोमीटर. बाबांचे गुडघे दुखायला लागल्यापासून ती पोर्चमध्येच उभी आहे, मांजरीची दोन बाळंतपणं तिच्याखाली झाली. भिवापूरकडचे एक गृहस्थ दोनदा येऊन पाहून गेले. सोबत मिस्त्री होता. त्यानं ऑइलची काडी काढून नाकाला लावली, चारही दारं आपटून पाहिली, आणि खाली वाकून बराच वेळ काहीतरी बघत राहिला (मांजर असावी). सौदा २ लाख ८५ हजारांत ठरला. दहा हजार इसार यूपीआयनं लगेच आला. बाकीचे "अकाउंटवर टाकतो, खाते नंबर अन आयएफएससी पाठवा, रविवारी गाडी घेऊन जातो" असं म्हणतात.

घरात तीन मतं आहेत. आई म्हणते खाते नंबर कोणाले देत नसतात, खातं साफ होते. जावई म्हणतात नगदच घ्या. मला वाटतं माझ्या खात्यावर एनईएफटी घ्यावी, पण एक शंका आहे: पैसे येतील, तो गाडी नेईल आणि मग बँकेला सांगून पैसे परत ओढून घेईल, असं होतं का? माणूस तसा सरळ दिसतो. पण सरळ दिसणं हे तर त्यांचं भांडवलच असतं म्हणतात.

तर्री_जास्त · ९:५२

खाते नंबर तं प्रत्येक चेकवर छापून असते बाप्पा. आजवर जेवढ्या लोकायले चेक देले, सगळ्यायनं खातं साफ केलं का? आईले म्हणा, घाबरू नका. गाडी कितीले दिली म्हणता? जरा स्वस्तच गेली.

निवृत्त_कॅशियर · १०:३०

३४ वर्षं बँकेत काढली, शेवटची सहा नागपूरच्या महालातल्या शाखेत, म्हणून दोन शब्द.

खाते नंबर आणि आयएफएससी यांच्या जोरावर तुमच्या खात्यात पैसे टाकता येतात, काढता येत नाहीत. काढायला तुमचा पिन, ओटीपी किंवा सही लागते. त्यामुळे नंबर बिनधास्त द्या, पण फक्त नंबर. लोक हौसेनं सही केलेल्या चेकचा फोटो, आधारची दोन्ही बाजूंची प्रत असं सगळं व्हॉट्सॲपवर टाकून मोकळे होतात. ते करू नका.

आता परत ओढून घेण्याचं. एनईएफटी असो, आरटीजीएस, आयएमपीएस वा यूपीआय, रक्कम एकदा तुमच्या खात्यात जमा झाली की पाठवणारा आपल्या मर्जीनं ती परत घेऊ शकत नाही. "चुकून गेले" असा अर्ज त्यानं केला तर बँक तुम्हाला विचारते, परस्पर काढत नाही. चेकचं मात्र तसं नाही. आमच्या काउंटरवर मी कितीदा पाहिलं: विकत घेणारा स्वतः दुसऱ्या शाखेत जाऊन विकणाऱ्याच्या खात्यात चेक भरतो, पावतीचा फोटो पाठवतो. विकणारा बॅलन्स बघतो, आकडा वाढलेला दिसतो, गाडी देऊन टाकतो. तो आकडा न वटलेल्या चेकचा असतो. "शिल्लक" आणि "काढता येणारी शिल्लक" या दोन ओळी वेगळ्या असतात, आणि खालची ओळ कोणी वाचत नाही. ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत वटतो किंवा परत जातो, त्यामुळे हा खेळ आखडला आहे, पण शनिवारी दुपारी उशिरा भरलेला चेक सोमवारपर्यंत अधांतरीच. डीडी दिला तर ज्या शाखेचा आहे तिथे फोन करून खातरी करा, आणि फोन नंबर डीडीवरचा नको, स्वतः शोधलेला.

तुमच्या रकमेला आरटीजीएस योग्य. ते २ लाखांच्या खाली होत नाही, तुमचं बाकी आहे २ लाख ७५ हजार, म्हणजे बसतं. पैसे तिथल्या तिथे येतात. एनईएफटी अर्ध्या अर्ध्या तासाच्या गठ्ठ्यांत जाते, दिवसाचे ४८ गठ्ठे. "मी केलं, तुम्हाला आलं नाही" यात तास-दीड तास गेला तर लगेच चोर म्हणू नका. पण आलेलं नसेल तर किल्लीही देऊ नका. त्यानं पुढच्या तारखेची एनईएफटी लावून तिचा स्क्रीनशॉट दाखवला असेल, तर घरी जाऊन ती रद्दही करता येते.

इतवारी_जुनंनवं · शनिवार, सकाळी ८:१५

काका म्हणाले ते स्क्रीनशॉटचं अगदी पटलं. माझं जुन्या फ्रिज-कूलरचं दुकान आहे. मागच्या उन्हाळ्यात, पारा ४५ वर, दुकानात पाय ठेवायला जागा नाही, एक पोट्टा आला. मोठा डक्ट कूलर पसंत केला, क्यूआर स्कॅन केला, हिरव्या टिकचा स्क्रीन माझ्यासमोर धरला. रक्कम बरोबर, दुकानाचं नाव बरोबर, वेळ बरोबर. मालवाहू ऑटो आधीच बोलावून ठेवला होता त्यानं. रात्री हिशेब जुळवायला बसलो तर ती एंट्रीच नाही. तसले खोटे स्क्रीन बनवणारे ॲप मिळतात हे तेव्हा कळलं. आता दुकानात पैसे जमा झाले की बोलणारा डबा ठेवला आहे, तो बोलल्याशिवाय खस सुद्धा बाहेर जात नाही.

दुसरा प्रकार मेसेजचा. "युवर अकाउंट क्रेडिटेड" असा हुबेहूब मेसेज येतो, पण साध्या दहा आकडी नंबरावरून. बँकेचा खरा मेसेज अक्षरांच्या नावानं येतो, आणि २०२५ पासून त्या नावाच्या शेवटी डॅश देऊन एक इंग्रजी अक्षर असतं: व्यवहाराच्या मेसेजला "टी", सेवेच्या मेसेजला "एस", जाहिरातीला "पी". तरी मी म्हणतो मेसेजवर जाऊच नका. आपलं ॲप आपल्या हातानं उघडा आणि स्टेटमेंट पाहा.

तर्री_जास्त · ८:२०

अन "पैसे घ्यायला हा क्यूआर स्कॅन करा, पिन टाका" म्हणणारा भेटला तर त्याले तर्री पाजून वापस पाठवा. पैसे घ्यायले पिन लागतच नाही.

फुटाळ्याची_हवा · ११:०५

सगळे "पैसे आले का ते बघा" यावरच बोलत आहात. माझे आले होते. खरेखुरे आले होते. तरी फसले, म्हणून सविस्तर लिहिते.

कॅमेरा विकला, एक बॉडी आणि दोन लेन्स, ६२ हजारांना. मुलगा विशीतला, अतिशय नम्र, "ताई, ताई" करत होता, लग्नाचं शूटिंग करतो म्हणाला. धरमपेठेत एका कॅफेत भेटलो. त्यानं शटर ऐकलं, सेन्सरवर टॉर्च मारून धूळ पाहिली, म्हणजे माहितगार होता. मग फोनवर कुणाला तरी "हां, डाल दे" म्हणाला. दोन मिनिटांत ४० हजार आले, पाच मिनिटांनी २२ हजार. मी ॲप उघडून बघितलं, दोन्ही एंट्री पक्क्या. पैसे दोन वेगळ्या नावांवरून आले होते आणि त्यातलं एकही त्याचं नव्हतं. मी विचारलंही. एक भाऊ म्हणाला, एक पार्टनर. मला काय, पैसे मिळाल्याशी मतलब. बॅग दिली, कॉफीचे पैसेही त्यानंच दिले.

सतराव्या दिवशी सकाळी दूधवाल्याला पैसे पाठवले, गेले नाहीत. दोनदा, तीनदा. सर्व्हर असेल म्हणून सोडून दिलं. संध्याकाळी पेट्रोल पंपावर कार्ड नाही चाललं. दुसऱ्या दिवशी शाखेत गेले तर समोरच्या मुलीनं स्क्रीन बघितला आणि आवाज खाली केला. "मॅडम, डेबिट फ्रीझ आहे. सायबरचं." दुसऱ्या एका राज्यातल्या पोलिसांचं पत्र होतं, तक्रार क्रमांकासकट. जमा होऊ शकत होतं, बाहेर काही जात नव्हतं. पगाराचं खातं तेच, गृहकर्जाचा हप्ता त्यातूनच.

कळलं ते असं. तिकडे कुणा गृहस्थाला घरबसल्या कामाच्या नावाखाली गंडवलं होतं आणि "या खात्यात ४० हजार भरा" म्हणून माझा खाते नंबर दिला होता. त्या बिचाऱ्यानं भरले. म्हणजे माझ्या कॅमेऱ्याचे पैसे त्या माणसानं दिले आणि कॅमेरा नेला तिसऱ्यानंच. फसलेल्या गृहस्थानं १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला, पैसे कुठे गेले ते शोधत पोलीस माझ्यापर्यंत आले. कागदावर त्याचे पैसे घेणारी मीच की हो! आणि त्यांचं तरी काय चुकलं.

अडीच महिने लागले. मूळ बिल होतं, बॉक्सवरचा सिरीयल नंबर होता, पण त्या मुलाशी झालेलं बोलणं मी डिलीट केलं होतं, त्याच्या ओळखपत्राचा फोटो नव्हता, विक्रीची साधी चिठ्ठी नव्हती. मेल, स्पीड पोस्ट, फोन. शेवटी पूर्ण खात्यावरची बंदी उठून फक्त ४० हजारांवर राहिली. ते अजून अडकलेलेच आहेत.

तेव्हा भाऊ, पैसे आले का हे बघाच, पण कोणाच्या खात्यातून आले ते आधी बघा.

नगद_नारायण · ११:३०

म्हणूनच म्हणतो, नगद. ना नंबर, ना फ्रीझ. नोटा मोजल्या, किल्ली दिली, रामराम.

निवृत्त_कॅशियर · १२:१०

नगद_नारायण, २ लाख किंवा त्याहून जास्त रोख एका व्यवहारात घ्यायला आयकर कायद्यानं २०१७ पासून बंदी आहे. दंड पैसे देणाऱ्याला नाही, घेणाऱ्याला, आणि तो घेतलेल्या रकमेएवढा. तुकडे करून घेतले तरी व्यवहार एकच धरतात. शिवाय पावणेतीन लाखांच्या नोटा पोर्चमध्ये मोजताना मध्ये दोन खोट्या निघाल्या तर भांडण कुणाशी? कूलर, सायकल, टेबल यांना नगद ठीक, मीही तेच करतो.

ताईंनी लिहिलं ते या धाग्यातलं सर्वांत महत्त्वाचं. आमच्या वेळी हा प्रकार नव्हता. विकणाऱ्यानं आता इतकं करावं: पैसे विकत घेणाऱ्याच्या स्वतःच्या खात्यातून यावेत, गाडी ज्याच्या नावावर होणार त्याच्या. नाव जुळलं नाही तर सौदा थांबवावा.

गिरीपेठ_फेऱ्या · १:४५

पैशांबरोबर कागदाचंही बघा. आरटीओच्या फॉर्म २९ आणि ३० वर (गाडी नावावर करायचे) सह्या, घेणाऱ्याचा आधार-पॅन, आणि डिलिव्हरी नोट, म्हणजे गाडी ताब्यात दिल्याची चिठ्ठी. त्यावर तारीखच नाही, वेळ टाका. संध्याकाळी ५:१० ला दिली आणि ५:४० ला वर्धा रोडवर कुणाला ठोकलं तर? आरसीवर नाव बदलत नाही तोवर भरपाईसाठी मालक म्हणून तुम्हालाच धरतात, सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. माझ्या जुन्या गाडीचं चलान विकल्यानंतर वर्षभर मला येत होतं, गिरीपेठच्या आरटीओत किती खेटे घातले ते नका विचारू. फास्टॅग बंद करा, नाहीतर त्यांचा टोल तुम्ही भराल.

बेसारोडवाला · रात्री ८:५०

ताई, वाचून पोटात गोळा आला. आणि योगायोग बघा. आज संध्याकाळी त्या गृहस्थांचा फोन: "भाऊ, माह्याकडे नेट बँकिंग नाही, भाच्याच्या खात्यातून टाकून राहिलो. दोन टप्प्यात येईन." मी म्हटलं नाही, तुमच्याच खात्यातून पाहिजे. ते चिडले. म्हणाले, "मिरचीचा धंदा आहे, आमच्या इकडे सगळे व्यवहार भाचाच पाहते. तुमचा भरवसा नसन तं इसार वापस करा." आता काय करू? खरंच सरळ माणूस असेल तर?

तर्री_जास्त · ९:०१

दोन टप्प्यात, दुसऱ्याचं खातं, वरून चिडणं. इसार वापस करा अन झोपा.

कळमना_मंडी · ९:२५

एवढं पटकन ठरवू नका. मी कळमन्यात अडत्याकडे हिशेबाला आहे. खेड्यात घरात एकाच्याच फोनवर सगळं चालतं हे खरं आहे. दोन टप्पेही खरे असू शकतात: यूपीआयवर दिवसाला साधारण १ लाखाची मर्यादा, आणि नेट बँकिंगवर नवीन नाव जोडलं की पहिला दिवस बँक थोडीच रक्कम जाऊ देते. चोरही हीच कारणं सांगतो आणि साधा माणूसही. फोनवर बोलून फरक कळत नाही, म्हणून माणूस ओळखायच्या नादी लागूच नका, रस्ता बदला. भाच्यानं मामाच्या खात्यात टाकावे, मामानं सोमवारी पासबुक घेऊन स्वतःच्या शाखेत यावं आणि काउंटरवरून आरटीजीएस करावं. खऱ्या माणसाचा एक दिवस जाईल. खोटा येणारच नाही.

निवृत्त_कॅशियर · ९:४०

शंभर टक्के. आणि इसार परत करायची पाळी आलीच तर ज्या खात्यातून आला त्याच खात्यात परत करा. "दुसऱ्या नंबरवर पाठवा" म्हणाले तर नाही म्हणा. चुकून जास्त पैसे आले, फरक अमुक नंबरवर टाका, हाही त्याच जातीचा खेळ आहे.

बेसारोडवाला · रविवार, सकाळी १०:१५

काल रात्री त्यांना कळमना_मंडी यांनी सांगितलं तसंच सांगितलं. दोन मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "एक विचारू का? आरसीवर तुमच्या बाबांचं नाव. पैसे तुमच्या खात्यात. अन मी भाच्याच्या खात्यातून देले तं चालत नाही?"

मंडळी, मला उत्तर देता आलं नाही.

फुटाळ्याची_हवा · १०:२२

😄 माणूस खरा आहे. चोराला असा प्रश्न पडत नाही.

निवृत्त_कॅशियर · १०:४०

बरोबर पकडलं त्यांनी! मीही विचारायला हवं होतं. पैसे बाबांच्याच खात्यात घ्या. विकत घेणाऱ्याच्याही बाजूनं विचार करा, उद्या बाबा म्हणाले मला दमडी मिळाली नाही, तर ते काय दाखवणार? (ताई, पण या कारणावरून माणूस खरा ठरवू नका हो.)

बेसारोडवाला · सोमवार, रात्री ९:१०

झालं एकदाचं. लिहितो सगळं.

ते साडेदहाला नागपुरात आले, सोबत भाचा आणि एक पिशवी लाल मिरची. त्यांचं खातं सीताबर्डीच्या एका शाखेत निघालं. आरटीजीएसचा फॉर्म भाच्यानं भरला. खाते नंबर दोनदा लिहायचा होता, दुसऱ्यांदा लिहिताना ३ चा ८ झाला. काउंटरवरच्या बाईंनी नंबर टाकून नाव तपासलं तर भलत्याच कुणाचं नाव आलं. आता आरटीजीएस-एनईएफटीला पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दिसतं, २०२५ पासून सुरू झालंय म्हणे. नाहीतर पैसे नंबरावरच जातात, नाव कोणी जुळवत नाही. भाच्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मामा शांतपणे म्हणाले, "म्हणून म्हणतो, फोनवरून नको टाकू."

पावती मिळाली, व्यवहाराच्या यूटीआर नंबरासकट. त्यावर पाठवणाऱ्याचं नाव, आधारवरचं नाव, फॉर्म ३० वरचं नाव, तिन्ही एक. आता गंमत. बाबांचा फोन बटणांचा. त्यात इनबॉक्स भरलेला, म्हणून मेसेज आलाच नाही. ॲप नाही, नेट बँकिंग नाही. म्हणजे मी बर्डीत, पैसे बाबांच्या खात्यात, आणि आले की नाही हे सांगणारं कोणी नाही! मग सगळी वरात, मी, मामा, भाचा, मिरचीची पिशवी, तिथून प्रतापनगरला बाबांच्या शाखेत. घरून पासबुक घेऊन जावई आले, "नगद घेतलं असतं तं" म्हणत. पासबुकाच्या मशीनसमोर रांग. आमचा नंबर आला तर मशीन बारकोड वाचेना, कारण आईनं त्यावर प्लास्टिकचं कव्हर चिकटवलेलं. नखानं खरवडून काढलं. मग खर्र खर्र करत ओळ छापली गेली: २,७५,०००.०० जमा, आणि पुढे मामांचं नाव.

मामांनी पण वाकून वाचलं. मग म्हणाले, "आता तं देता ना किल्ली?"

डिलिव्हरी नोटवर वेळ टाकली, दुपारी २:३५. फास्टॅगही बंद केला. मामांनी किल्ली खिशात घातली आणि मग विचारलं, "स्टेपनी आहे ना हो?" सौदा ठरवायच्या दोन्ही वेळी विचारलं नव्हतं. आहे म्हटलं.

गिरीपेठ_फेऱ्या · ९:१८

आता ऑनलाइन आरसीवर नाव बदललेलं दिसेपर्यंत दर आठवड्याला बघत राहा. अभिनंदन.

फुटाळ्याची_हवा · ९:२५

त्यांच्याशी झालेलं बोलणं डिलीट करू नका. पावती, आधार, नोट सगळं एका फोल्डरमध्ये ठेवा, दोनेक वर्षं तरी.

इतवारी_जुनंनवं · ९:३१

आणि मिरची कशी आहे?

बेसारोडवाला · ९:४०

जहाल. आईनं पोह्यावर तर्री केली होती संध्याकाळी. जावयांनी दोन घास खाल्ले आणि तेव्हापासून नगदीबद्दल काही बोललेले नाहीत.

तर्री_जास्त · ९:४१

पत्ता टाका.